स्क्रीनशॉटमध्ये न येणारा भाग

वेबसाइट करून घ्यायला येणारी माणसं हल्ली सोबत स्क्रीनशॉट घेऊन येतात. पूर्वी एखाद्या कागदावर काहीबाही खरडलेलं असायचं: शाखा कुठे, वेळा काय, फोन कुणाला करायचा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र येतं आणि खाली एक ओळ, 'सेम असं पाहिजे.' चित्र कॅलिफोर्नियातल्या नाहीतर बर्लिनमधल्या एखाद्या कंपनीचं. पाठवणारे दादरचे साडीवाले, गिरगावातलं वाचनालय, मुलुंडची पॅथॉलॉजी लॅब, लालबागची पतपेढी.

मुंबईत हे काम करताना मी या चित्रांच्या लाटा येताना आणि ओसरताना बघितल्या. सुरुवातीला फ्लॅश या तेव्हाच्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं नाचतं स्वागत आणि कोपऱ्यात 'स्किप इंट्रो'. मग पहिल्याच पानावर आपोआप सरकणारे फोटो. मग पान वर ढकललं की मागचं चित्र वेगळ्याच गतीने हलणारं पॅरलॅक्स. मग तीन आडव्या रेघांत दडवलेला मेन्यू, बारीक करडी अक्षरं, मग सगळं काळंभोर, आणि आता काचेची वाटावीत अशी अर्धपारदर्शक बटणं. दर वेळी कारण एकच सांगितलं जातं, 'सध्या हेच चालतंय.'

चांगलं दिसावं ही इच्छा मला रास्त वाटते. आपल्या संस्थेचं पान जुनाट दिसलं की पतपेढीच्या चिटणीसांना कानकोंडं होतं. रस्त्यापलीकडच्या खासगी बँकेचं पान चकचकीत असतं आणि सभासदांची मुलं तिकडे खाती उघडतात. ही धास्ती खरी आहे. म्हणून मी स्क्रीनशॉट बाजूला सारत नाही, नीट बघते. पण त्या चित्रात त्या डिझाइनचा पहिला दिवस असतो. पुढे त्याचं काय झालं, कुणी तक्रारी केल्या, त्या कंपनीने नंतर काय बदललं, हे चित्रात येत नाही. नक्कल करण्याआधी बघायची गोष्ट नेमकी तीच आहे, असं मला वाटतं.

सपाट डिझाइनचंच घ्या. २०१३च्या सप्टेंबरमध्ये आयफोन चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस ७, आली आणि त्याआधीची चामड्याची शिलाई, लाकडी फळ्या, फुगीर चकाकती बटणं एका झटक्यात गेली. मायक्रोसॉफ्टने २०१०मध्येच विंडोज फोनवर सपाट चौकोन आणले होते. यामागे कारणं होती. पडदे नाना आकारांचे झाले होते, रंगवलेली बटणं प्रत्येक आकारासाठी नव्याने काढावी लागत, आणि एव्हाना लोकांना काचेवर बोट कुठे टेकवायचं हे कळू लागलं होतं. पण त्या नव्या रूपात अक्षरं इतकी बारीक झाली आणि बटणांच्या कडा अशा पुसल्या गेल्या की दाबायचं काय आणि वाचायचं काय हेच अनेकांना कळेना. मार्च २०१४मध्ये आलेल्या ७.१ मध्ये बटणांचे आकार पुन्हा दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये दिली गेली. ठळक अक्षरांची सोय आधीपासून होतीच. गुगलने २०१४मध्ये मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइनची पद्धत आणली तेव्हा फॉर्ममधल्या रकान्यांना चौकट नव्हती, खाली फक्त एक रेघ. पुढे त्यांनीच लोकांना बसवून चाचण्या घेतल्या. चौकटीतला रकाना लोकांना लवकर सापडतो असं दिसलं आणि चौकट परत आली. अ‍ॅपलने २०२५च्या जूनमध्ये लिक्विड ग्लास हे काचेसारखं अर्धपारदर्शक रूप जाहीर केलं तेव्हाही हेच घडलं. वाचायला त्रास होतो अशी ओरड झाली आणि काही महिन्यांतच काच अधिक दाट करण्याचा पर्याय द्यावा लागला.

म्हणजे लाट सुरू करणारे स्वतः मागे सरतात. त्यांच्याकडे चाचण्या घेणारी माणसं असतात, दर काही आठवड्यांनी अपडेट पाठवता येतं. लालबागच्या पतपेढीचं तसं नसतं. तिथे वेबसाइटसाठी वार्षिक सभेत ठराव होतो, एकदा पैसे मंजूर होतात आणि मग ते पान वर्षानुवर्षं तसंच राहतं. मोठ्यांची चूक त्यांच्याकडे काही महिने टिकते, नक्कल करणाऱ्याकडे ती मुक्कामाला येते. गुगलने नुसत्या रेघेच्या जागी चौकट आणली त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी मुंबईतल्या संस्थांचे नवे कोरे फॉर्म बघितले, ज्यांत अजून नुसती रेघच होती, आणि तीही करडी.

त्या पतपेढीचं आधीचं पान दुसऱ्या कुणीतरी तयार टेम्प्लेटवर करून दिलेलं होतं. नवं काम हातात घ्यायच्या आधी मी शाखेत जाऊन बसते, काउंटरच्या बाजूच्या बाकावर, नुसतं बघत. तिथे एक काका आले. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. त्यांना मुदत ठेवीचा दर हवा होता आणि तेवढ्यासाठी ते जिना चढून आले होते.

"काका, फोनवर बघितलंत का?" मी विचारलं.

त्यांनी फोन काढला, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे बघा ना. नुसता फोटोच येतो."

खरंच पडदाभर फोटो होता. एक हसरं कुटुंब, मागे हिरवळ, आणि त्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत घोषवाक्य. आईच्या साडीचा काठ पांढरा होता, त्यामुळे घोषवाक्यातला एक शब्द काठात विरघळला होता. खाली आणखी काही आहे याची कुठलीच खूण नव्हती.

"बोटाने वर ढकला, काका."

"कशाला? खाली काय आहे?"

त्यांचा प्रश्न चोख होता. खाली दर होते, दोन पडदे उतरल्यावर. नाहीतर कोपऱ्यातल्या तीन रेघा, त्यांच्या आत 'योजना', त्याच्या आत 'ठेवी'. काकांनी त्या तीन रेघांना कधी हातच लावला नव्हता. पडदाभर फोटोची पद्धत हॉटेलांनी, अत्तरवाल्यांनी, मोटारींच्या कंपन्यांनी रुळवली. त्यांना आधी मन तयार करायचं असतं, किंमत नंतर सांगायची असते. पतपेढीचा सभासद एका आकड्यासाठी येतो. त्याचं मन तयार असतं, त्याची ठेव मुदत संपून तिथेच पडलेली असते.

तीन रेघांची कथाही अशीच. त्या नॉर्म कॉक्स या डिझायनरने १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढल्या. तो कचेरीत शिकून वापरायचा संगणक होता. पुढे फोनच्या छोट्या पडद्यावर जागा पुरेना म्हणून त्या पुन्हा वर आल्या. तिथपर्यंत ठीक आहे. पण पतपेढीला दाखवायच्या गोष्टी मोजून चार: ठेवी, कर्ज, शाखा, संपर्क. हे चार शब्द फोनच्या रुंदीतही मावतात. नव्या पानावर ते उघडे ठेवले. सरकणाऱ्या फोटोंबद्दल तर पुरावाही आहे. अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठाच्या पानावर २०१३च्या सुमारास मोजणी झाली तेव्हा पाहुण्यांपैकी जेमतेम १ टक्का लोकांनी त्या सरकत्या चित्रांवर बोट ठेवलं होतं, आणि तेही बहुतेक पहिल्याच चित्रावर.

दादरच्या पुलावरून उतरताना माणूस इंडिकेटरकडे किती वेळ बघतो? जिन्याची पायरी चुकू न देता, धक्के खात, एक नजर: गाडी कुठली, फास्ट की स्लो, किती डब्यांची, किती मिनिटांत. तेवढ्यात त्याचा निर्णय होतो आणि पाय वळतात. पतपेढीच्या पहिल्या पडद्याचं मोजमाप मी तिथून घेते.

आता सगळ्यात मला टोचणारा भाग. ही सगळी रूपं रोमन लिपीसाठी घडलेली असतात आणि आपण ती देवनागरीवर जशीच्या तशी चढवतो.

सध्या मोठ्या मथळ्यांच्या ओळी एकमेकींना चिकटवून बसवतात. इंग्रजीत ते देखणं दिसतं, कारण अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. 'तुमच्या कुटुंबाच्या' या ओळीखाली 'ठेवींची सुरक्षा' ही ओळ तितक्याच दाटीने बसवून बघा. वरच्या ओळीतले तीन उकार खालच्या वेलांटीत आणि अनुस्वारात घुसतात, आणि साठीतल्या माणसाला ते डाग पडल्यागत दिसतं. बटणाची उंची ठरलेली असली तर 'नोंदणी'ची मात्रा, अनुस्वार आणि वेलांटीचा माथा सरळ कापला जातो. अक्षरांत रंगांची छटा भरायची फॅशन आहे, तिथेही ओळीची उंची कमी पडली की वरची टोकं रंगाविना गायब होतात.

मग अक्षरांत अंतर सोडायची हौस. रोमन मोठी अक्षरं सुटी सुटी मांडली की ऐटदार दिसतात. मराठीत अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते. शब्द शब्द राहत नाही, सुट्या अक्षरांची रांग होते. रेघेने बांधलेली लिपी आहे ही, तिला रेघेवरच तोडणं मला अजिबात सहन होत नाही. साडीच्या दुकानाच्या पानावर दुकानाचं नाव असं फाटलेलं बघून मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो ताई, मला वाटलं फोन बिघडलाय."

आणि मथळा एकेका अक्षराने उमटवण्याची चाल. हे करणारा कोड शब्दाचे तुकडे करतो. इंग्रजी शब्दाचे तुकडे म्हणजे अक्षरंच. 'विश्वास' या शब्दाचे मात्र संगणकाच्या लेखी सात तुकडे होतात: व, मग नुसती वेलांटी, श, हलन्ताची खूण, पुन्हा व, काना आणि स. वेलांटी एकटी पडली की ब्राउझर तिच्या आधाराला ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. संस्थेच्या बोधवाक्यातला विश्वास पडद्यावर असा तुटक तुटक, ठिपक्यांसकट उमटताना मी पाहिला आहे. ज्याने कोड लिहिला त्याला मराठी वाचता येत नसेल, पण ज्यांनी मंजुरी दिली त्यांना येत होतं. इंग्रजी नमुन्यावरच मान डोलावली गेली, मराठी मजकूर शेवटच्या दिवशी भरला गेला. बहुतेक ठिकाणी हे असंच होतं.

बारीक फाँटचं दुखणं वेगळं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल आधीच वजनदार, आणि टेम्प्लेट मागतं चार जाड्या, म्हणजे चार फाइली. शिवाय 'क्ष्म' किंवा 'द्ध्य' असलं अक्षर बारीक वजनात लहान आकारावर ठेवलं की त्याचं पोट भरून येतं. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसणार नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते सांगायची जागा असते. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी असतं आणि तसंच राहतं. मग अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीकडे इंग्रजी म्हणून बघतं. भाषा मराठी अशी नोंदवली तर काही फाँट 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे काढतात, हिंदीच्या वळणाचे नाही. एका ओळीचं काम आहे.

हे शहर देवनागरीच्या छपाईचं शहर. जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना इथे सुरू केला आणि त्याच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, वळण पिढ्यान्‌पिढ्या नमुना मानलं गेलं. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्यात टाइप केलं तो मंगल हा फाँट र. कृ. जोशींनी घडवला, ज्यांनी आयआयटी मुंबईत शिकवलं. 'एक टाइप' या नावाने फाँट घडवणाऱ्या इथल्याच मंडळींचा 'मुक्त' हा फाँट आज कुणालाही फुकट वापरता येतो, आणि तो पडद्यासाठी नीट विचार करून केलेला आहे. इतकं घरात असताना आपण आपलं अक्षर परक्या मापात कोंबावं, याचा मला मनापासून राग येतो.

आमच्याकडे काम करणारी मुलगी या सगळ्यावर माझ्याशी वाद घालते आणि तिचा एक मुद्दा मी मान्य केला आहे. ती म्हणाली, "ताई, लोक आपल्या पानावर दोन मिनिटं असतात. बाकीचा दिवस ते व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनपेवर असतात. मग आपण वेगळंच काहीतरी करून कसं चालेल?" वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी हेच फार आधी सांगून ठेवलं आहे: माणसं आपला बहुतेक वेळ इतरांच्या पानांवर घालवतात आणि तुमचंही तसंच चालावं अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणून जे हाताला बसलं आहे ते मी बदलू देत नाही. नाव वर डावीकडे, भिंगाची खूण म्हणजे शोध, हिरवी खूण म्हणजे पैसे गेले. मासळी विकणाऱ्या मावशीसुद्धा पैसे आल्याचा आवाज ओळखतात. ते आता शहराच्या सवयीचा भाग झालं आहे आणि सवय मोडणं हा वापरणाऱ्यावर अन्यायच. पण सवय लोकांच्या हातात तयार होते, आणि लाट डिझायनरांच्या आपसांतल्या कौतुकातून उठते. दोन्ही एकाच वेळी सगळीकडे दिसतात, त्यामुळे गल्लत होते. ओळखायचं कसं? मी काउंटरवरच्या माणसाला विचारते, शिपायाला विचारते, वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला आलेल्या आजींना विचारते. त्यांना न सांगता जमलं तर ती सवय.

काही लाटा तर लोकांच्या गरजेतूनच आलेल्या असतात आणि त्या दोन्ही हातांनी घ्याव्यात. ईथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१०मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान आपोआप जुळवून घेण्याची कल्पना मांडली, तिच्याविना आज आपल्याकडे एकही पान वाचता आलं नसतं, कारण आपला बहुतेक वाचक फोनवरच भेटतो. काळी पार्श्वभूमी रात्री अंथरुणात वाचणाऱ्याला बरी वाटते. ती निवडायची मुभा त्याला द्यावी, सरसकट लादू नये.

पानाच्या वजनाबद्दल, म्हणजे ते उघडताना किती डेटा उतरतो याबद्दल, फार बोलत नाही, ते सगळ्यांना तत्त्वतः पटतं आणि प्रत्यक्षात कुणी पाळत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गुगल सांगतं. २०१६मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला हे खरं, पण संध्याकाळी दादर स्टेशनवर हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, आणि मुलाने वापरून झालेला फोन वडिलांच्या हातात आलेला असतो. पहिल्या पानावरच्या व्हिडिओचा भार तो फोन उचलतो.

रंगांबद्दल मात्र मी हटून बसते. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांत साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ : १ असावा असं म्हटलं आहे. पांढऱ्यावरचा तो सुप्रसिद्ध फिकट करडा मोजला तर तीनच्याही खाली येतो. त्यात बसस्टॉपवरचं एप्रिलचं ऊन आणि बॅटरी वाचवायला कमी केलेला उजेड. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करताना डोळे मिचकवून दाखवायला सांगितलं जात होतं, ते त्यांना शक्यच नव्हतं, तिथून हा खटला सुरू झाला. ते पडदे ज्यांनी आखले त्यांच्यासमोर अशी माणसं नव्हती. चिटणीसांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि करड्या रंगाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पतपेढीचं नवं पान साधं आहे. वर नाव, नोंदणी क्रमांक, चार शब्दांचा मेन्यू, त्याखाली ठेवींचे दर, तारखेसकट. दर बदलला की काउंटरवरच्या मॅडम स्वतःच तो बदलतात, मला फोन करावा लागत नाही. इमारतीचा फोटो आहे, खाली. तरुण सभासदांना ते कसं वाटतं याची चिटणीसांना काळजी होती. त्यांच्या पुतण्याला त्यांनी दाखवलं, तो म्हणाला लगेच उघडतं, आणि विषय संपला.

आता त्यांना चॅटबॉट हवा आहे. दुसऱ्या पतपेढीने लावला आहे, त्याचा स्क्रीनशॉट आला. मी नाही म्हटलेलं नाही. मॅडमना सांगितलं आहे की फोनवर लोक काय विचारतात ते रजिस्टरमध्ये टिपून ठेवा. पानं भरत आली आहेत. ठेवीचा दर विचारणारे फोन कमी झाले. शनिवारी शाखा किती वाजेपर्यंत, हे फार जण विचारतात, म्हणून वेळ पहिल्या पडद्यावर आणली. त्याखालोखाल वारसदाराचं नाव बदलायचा फॉर्म. तो अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे, फोनवर भरता येत नाही, छापायला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं. आधी तो फॉर्म मराठीत, चौकटी असलेल्या रकान्यांसह, फोनवर भरता येईल असा करायचं ठरलं आहे. चॅटबॉटचं त्यानंतर, रजिस्टर बघून.